सामाईक फाईलमधली बेरिल

“एकदाच लिहायचं, एकाच जागी लिहायचं, आणि सगळ्यांनी तिथूनच घ्यायचं! यात चूक होऊच शकत नाही!” नेव्हिल प्रेंटिसने छाती ठोकून सांगितलं, आणि ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोच्या त्या लहानशा ऑफिसात सगळ्यांनी माना डोलावल्या.

काम साधं होतं. नदीकाठच्या पाच गावांना पुराचा इशारा मोबाइलवर जावा, म्हणून प्रत्येक गावासाठी सर्व्हर उभे करायचे होते. हल्ली ते हाताने उभे करत नाहीत. काय काय हवं ते फाईलमध्ये लिहायचं, बाकीचं यंत्र करतं. पाच गावांच्या पाच फाईली. पण सर्व्हरला नाव काय द्यायचं, मेसेज कोणाच्या नावाने जाणार, हे सगळीकडे तेच. मग ते पाचदा कशाला लिहा? नेव्हिलने ते एका सामाईक फाईलमध्ये लिहिलं. बाकीच्यांनी आपल्या फाईलमध्ये फक्त एक ओळ टाकायची, की हे तिथून आण. तिथे बदललं की सगळीकडे बदलणार!

“ऐकायला छान आहे,” ग्लेनिस म्हणाली. ती त्यांची साहेब. “शुक्रवारी दुपारी पालिकेची माणसं रंगीत तालीम बघायला येतायत. जमलं तर काम इथे राहील. नाही जमलं तर काम सिडनीला जाईल, आणि कामामागोमाग तूही.”

नेव्हिलला सिडनी नको होती. त्याची बायको बेरिल जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिने लावलेलं लिंबाचं झाड परसात उभं होतं, आणि ते काही सिडनीला येणार नव्हतं.

पण त्याचा स्वभाव! ऑफिसच्या फ्रिजमधल्या आपल्या दुधाच्या बाटलीवर तो रोज पेनाने रेघ मारायचा. बेरिल म्हणायची, “नेव्ह, तू पोस्टमनचंसुद्धा ओळखपत्र बघशील.” तो म्हणायचा, “बघितलंय. फोटो त्याचा वाटत नाही.”

आता त्याला संशय आला, की बरोबर काम करणारा स्टाव्ह्रोस सामाईक फाईलमधून आणतच नाही. तिची नक्कल करून गुपचूप स्वतःच्या फाईलमध्ये चिकटवतो! नक्कल केली की संपलंच. सामाईक फाईलमधली दुरुस्ती तिथे पोचणार कशी?

“स्टाव्ह्रोस, तू माझ्याच फाईलमधून आणतोस ना?”

“तुझ्याच, राजा.”

“नक्की?”

“आईशप्पथ! दाखवू का?”

दाखवतो म्हणणारा माणूस तर जास्तच धोक्याचा! आणि ऑफिसातलीच ती किरी? नेव्हिल मागून गेला की ती लॅपटॉप मिटायची. (ती नेटबॉलची मॅच बघायची. पण ते नेव्हिलला कोण सांगणार?)

गुरुवारी संध्याकाळी त्याने सापळा लावला. सामाईक फाईलमध्ये मेसेज पाठवणाऱ्याचं नाव होतं ‘पूर इशारा’. तिथे त्याने दुसरं नाव घातलं. जो प्रामाणिकपणे तिथून आणतो, त्याच्या गावाचे मेसेज या नव्या नावाने जातील. ज्याच्या गावाला जुनंच नाव राहील, तो नक्कलखोर! सकाळी बघायचं, चोर पकडायचा, आणि दुपारच्या आत नाव पूर्ववत करायचं.

नाव कोणतं घातलं? बेरिल. दुसरं सुचलंच नाही.

शुक्रवारी सकाळी तो ऑफिसात गेलाच नाही. समोरच्या कॉफीच्या दुकानात पेपरआड बसला आणि स्टाव्ह्रोस कोणाशी बोलतो ते बघत राहिला. स्टाव्ह्रोस पाववाल्याशी बोलला. संशयास्पद! तेवढ्यात पालिकेची व्हॅन आली. दुपारी यायची ती सकाळच्या चहालाच आली, कारण ग्लेनिसच्या सॉसेज रोलची कीर्ती तिथवर पोचली होती.

नेव्हिल धावत जिना चढला, तोवर ग्लेनिस म्हणत होती, “आलाच आहात तर आत्ताच बघा. किरी, होऊ दे!”

“थांबा!” नेव्हिल ओरडला.

किरीने बटण दाबलं होतं.

पालिकेच्या सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले. नगरसेवक क्लाइव्ह चष्मा शोधू लागले. शेजारी त्यांची बायको मार्जी, वाळूच्या पोत्यांच्या पथकाची प्रमुख, तिला चष्मा लागत नव्हता; तिने त्यांच्या मोबाइलवरच वाचलं.

“क्लाइव्ह,” ती थंडपणे म्हणाली, “ही बेरिल कोण?”

“कोण बेरिल?”

“मला विचारतोस? ‘आत्ताच्या आत्ता घराबाहेर पडा. रात्रीचे कपडे बरोबर घ्या. मैदानावर भेटू.’ बेरिल!”

“अगं, मी कोणत्याही बेरिलला ओळखत नाही!”

“ती तुला चांगली ओळखते! कपडेसुद्धा घ्यायला सांगतेय!”

“मलाही आलाय,” मागून कोणीतरी हळूच म्हणालं.

“मलाही.”

मार्जीने सगळ्या पुरुषांकडे पाहिलं. “ही बाई आहे तरी कशी!”

नेव्हिल कानापर्यंत लाल झाला. तेवढ्यात पालिकेबरोबर आलेल्या वॉम्बॅट फ्लॅट गावच्या बाईंनी मोबाइल वर धरला. “आमच्या गावाला बेरिल नाही हो. आम्हाला नुसतं ‘पूर इशारा’ आलंय.”

सापडला! नेव्हिल सगळं विसरला. “हाच तो! याने नक्कल केली! वॉम्बॅट फ्लॅटची फाईल कोणाची?”

स्टाव्ह्रोस छताकडे बघत होता.

“नेव्ह,” ग्लेनिस म्हणाली, “तुझीच की रे.”

खरंच! पहिल्याच आठवड्यात, सामाईक फाईलला कोण हात लावेल याचा नेम नाही म्हणून, त्याने स्वतःपुरती नक्कल करून ठेवली होती! तात्पुरती.

मग त्याला सगळं सांगावं लागलं. सापळा, संशय, आणि बेरिल कोण तेही. मार्जीने क्लाइव्हच्या ताटलीत एक सॉसेज रोल ठेवला, आणि दुसरा नेव्हिलच्या.

किरीने सामाईक फाईलमधली एक ओळ बदलली. चारही गावांतून बेरिल एकाच वेळी गेली आणि ‘पूर इशारा’ परत आला.

“एक ओळ, आणि चार गावं?” क्लाइव्ह म्हणाले. “मग काम इथेच राहू दे. फक्त याला त्या फाईलपासून लांब ठेवा!”

सगळे गेल्यावर नेव्हिलने आपली नक्कल पुसली आणि सामाईक फाईलमधून आणायची ओळ टाकली. मग किरीच्या टेबलापाशी घुटमळला.

“तो मघाचा मेसेज आहे का तुझ्याकडे? मला पाठवशील?”

“कशाला? पुरावा म्हणून?”

“हो. पुरावा म्हणूनच.”

तिने लगेच पाठवला. नेव्हिल जिन्यात गेला, चष्मा पुसला आणि मोबाइल उघडला. आत्ताच्या आत्ता घराबाहेर पडा, रात्रीचे कपडे बरोबर घ्या, मैदानावर भेटू. शब्द सगळे तेच होते.

वर पाठवणाऱ्याचं नाव होतं, किरी.