शिगेकोचा किडा आणि कुसुमोतोंचा किडा

"एक नाही, दोन नव्या जाती! त्याही आपल्याच अळिंबीच्या ओंडक्यांवर!" तोकुजी नारुसेने छाती फुगवून बायकोला सांगितलं. पोस्टातून निवृत्त झाल्यावर तो शिताके अळिंबी पिकवायला लागला होता, पण जीव सगळा लाकडावरच्या बुरशीतल्या किड्यांत. नावाला हे सोंडकिडे. सोंड मात्र आखूड नि बोथट, थेट बैलाचं तोंड! त्यातल्या एकाच्या मिशा अंगाच्या दुप्पट लांब, दुसऱ्याच्या अगदीच आखूड. म्हणजे जाती दोन, यात शंका कसली!

आखूड मिशीवाल्याला त्याने बायकोचं, शिगेकोचं नाव दिलं. तीस वर्षं घरात किडे सोसले बिचारीने! लांब मिशीवाल्याला कीटक मंडळाचे अध्यक्ष कुसुमोतो यांचं. सत्तरीचे, कडक, किड्यांखेरीज कुणाशी संसार न केलेले. मंडळाच्या पत्रिकेत काय छापायचं ते तेच ठरवत, आणि आज ते स्वतः किडे पाहायला येणार होते. त्यांनी मान हलवली तर तोकुजी संशोधक, नाहीतर जन्मभर टपालवाला.

दारात हाक ऐकू आली. तोकुजीने फळीकडे पाहिलं, तर रुमालात बांधलेली एकच बरणी!

"शिगेको! दुसरी बरणी कुठाय?"

"लोणच्याला घेतली. पाहुण्यांना उमेबोशी काय ओंजळीत देऊ?"

"आणि त्यातला किडा?"

"टाकला की या बरणीत. दोघं एकच बुरशी खातात ना? नावांच्या चिठ्ठ्याही डकवल्यात दोन्ही."

"अगं, भांडले म्हणजे? एक मिशी मोडली तरी मेलो मी!"

पण कुसुमोतो बूट काढून आत आलेसुद्धा. आसनावर बसले, खिशातून भिंग काढलं. तोकुजीला रुमालाची गाठ काही सुटेना. आतून हूं की चूं नाही. मेले की काय दोघं? शेवटी दातांनी गाठ सोडवून, डोळे मिटून त्याने बरणी पुढे सरकवली.

एक मिनिट गेलं. दोन गेली. कुसुमोतो भिंगावरून हलेनात. तोकुजीचा सदरा पाठीला चिकटला.

"मिशा शाबूत आहेत ना, साहेब?"

"मिशा शाबूत आहेत."

"मग?"

कुसुमोतोंचे कान लाल झाले होते. "हा वरचा, लांब मिशीवाला, याचं नाव काय ठेवलंत?"

"लांब मिशीवाला? आपलंच नाव, साहेब!"

"आणि खालच्याचं?"

"आमच्या हिचं!" तोकुजी अभिमानाने म्हणाला, आणि मग त्याने बरणीत डोकावलं.



"नारुसे," कुसुमोतो भिंग पुसत म्हणाले, "जात एकच आहे. हा नर, ती मादी. आणि आपल्या यादीत कधीपासून आहे."

तेवढ्यात शिगेको चहा घेऊन आली. बरणीकडे नजर जाताच तिने पेले तसेच खाली टेकवले.

"अहो, बघत काय बसलात?" ती ओरडली. "आधी त्या चिठ्ठ्या काढा!"