घाम पिणारी टिकली

मधुकरराव निमज्यांना त्या हिवाळ्यात एक रिकामं कपाळ हवं होतं, आणि नागपूरच्या अख्ख्या तांडापेठेत ते मिळत नव्हतं.

मधुकरराव हिंगण्याच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. तिथे जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्या बनत, आणि पट्टीला लागणारा चिक तयार करणं हे त्यांचं काम. रबर आणि राळ विरघळवून असा चिक काढायचा की दाबला की बसला पाहिजे आणि ओढला की कातडी न सोलता सुटला पाहिजे. निमज्यांच्या कितीतरी पिढ्यांचे हात मागावरच्या सुताला खळ लावण्यात गेलेले. त्यामुळे चिकट कामाला आपण जन्मतःच लायक आहोत, असं मधुकरराव मानत. घरातला माग वडिलांबरोबर थांबला होता, पण त्याची खोली अजून रिकामी होती, आणि तिथे आपला स्वतःचा छोटासा कारखाना टाकायचा हे त्यांचं स्वप्न होतं. काय बनवायचं, एवढंच ठरत नव्हतं.

ते गोपिकाबाईंनी ठरवलं. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात त्यांचं मेणावर लावलेलं कुंकू घामाने वितळून नाकाच्या शेंड्याशी आलं, आणि नवरीच्या मामाने "कुठं पडल्या बाप्पा?" म्हणत त्यांना धरून खुर्चीवर बसवलं. गोपिकाबाई त्या खुर्चीवरून उठल्या त्या थेट घरी आल्या.

"दुनियेच्या जखमा चिकटवून राहिले तुमी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बायकोचं कुंकू काही चिकटवता येत नाही."

मधुकररावांना हे लागलं. मुंबईकडच्या चिकटवायच्या टिकल्या तोवर इतवारीच्या बाजारात येऊ लागल्या होत्या, पण नागपूरच्या उन्हात त्या दुपारपर्यंत भुवईवर उतरत. दोष उन्हाचा नसून घामाचा, हे मधुकररावांनी ओळखलं. कारखान्यात तेव्हा एका पांढऱ्या पुडीवर काम चाललं होतं. जखमेतलं पाणी ओढून घ्यायला ती पट्टीत घालायची होती. चिमूटभर पूड कपभर पाणी पिऊन गोळा होऊन बसे, आणि दाबलं तरी थेंब सोडत नसे. मधुकररावांनी पहिली खेप नुसत्या मखमल-चिकाची काढली, आणि मग वर मखमल, मध्ये ही पूड आणि खाली चिक अशी टिकली बनवली. घाम येईल, पूड पिईल, चिक कोरडा राहील. प्यायलेला घाम पुढे जाईल कुठे, हा प्रश्न त्यांना पडला नाही. हुशार माणसांना सोपे प्रश्न पडत नाहीत, त्याला कोण काय करणार.

आता ही टिकली लावून पाहायला कपाळ हवं होतं.

"कपाळावरचं पुसून तिथं तुमचा परयोग लावू?" गोपिकाबाई म्हणाल्या. "आन् पडली मंग रस्त्यात? तुमी जिते असताना मी भुंडं कपाळ घेऊन फिरू?"

शेजारच्या पंचफुलाबाईंनीही कानाला हात लावला. "टिकली द्या, सोन्यासारखी लावीन. पण परयोग म्हणू नका. परयोग सवाशिणीवर करत नसतात."

शेवटी मधुकररावांनी एका सकाळी स्वतःच्याच कपाळावर टिकली लावली आणि ती तिथे आहे हे विसरून हिंगण्याची बस धरली. टिकलीच्या दृष्टीने हे यशच होतं. पण फाटकावरचा चौकीदार धोंडबा त्यांना पाहून चपला काढून उभा राहिला.

"साहेब, देवी कवापासून येऊन राहिली आंगात?"

मधुकररावांनी आरशात पाहीपर्यंत ही बातमी पॅकिंगमध्ये पोचली होती, आणि दुपारी दोन बायका पोरींची लग्नं कधी जमतील ते विचारायला त्यांच्या टेबलाशी येऊन गेल्या. मॅनेजरने बोलावलं तेव्हा मधुकररावांनी प्रयोगासाठी तशीच ठेवलेली टिकली काढून खिशात घातली. त्यानंतर स्वतःचं कपाळ त्यांनी प्रयोगातून वगळलं.

यमुताईंनी आपण होऊन हात पुढे केला तो त्याच संध्याकाळी. यमुताई म्हणजे मधुकररावांची थोरली बहीण. उमरेडला दिलेली, आणि लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच पांढरं कपाळ घेऊन परत आलेली. तेव्हा मधू शाळेत होता. यमुताईंनी चरख्यावर मागाच्या सुताच्या कांड्या भरभरून त्याला बी.एस्सी. केलं, आणि हे आपण जन्मात विसरणार नाही असं मधुकरराव पुष्कळदा म्हणत. आताही चांभाराकडून आणलेल्या ठोक्याने मखमलीचे गोल पाडायचं काम यमुताईच करत. टिकल्यांचा बिस्किटाचा डबा त्यांच्याच खोलीत असे.

"हातावर लाव," त्या बाही वर सारत म्हणाल्या. "हाताले कोणी काही म्हणत नाही."

ती टिकली यमुताईंच्या हातावर, कोपराच्या वर, पाणी लागू न देता आठवडाभर बसली. भांडी झाली, धुणं झालं, पण ती जागची हलली नाही. मधुकरराव रोज कारखान्यातून आल्यावर चहाच्या आधी बहिणीचा हात पाहत आणि खूश होत. माघाची थंडी होती. घाम कोणाला म्हणून येत नव्हता.

"मधू, कपाळाचं अलग रायते गा," यमुताई एकदा गोल पाडता पाडता म्हणाल्या. "उन्हाळ्यात एकडाव कपाळावर पाहून घेजो."

"ताई, चामडी ते चामडी. सायन्सले हात काय आन् कपाळ काय."

"तसं असन बाप्पा."

फाल्गुनात त्यांनी पुन्हा विषय काढला. "चुलीपाशी बसलं म्हणजे ते..." असं म्हणून त्या थांबल्या.

"ते काय?"

"काही नाही. गरमीत पाहून घे म्हणते."

मधुकरराव हसले. ताई चौथी शिकलेली, ती काळजी करणारच, असं त्यांनी मनात म्हटलं आणि इतवारीत भैयाजींकडे नमुने घेऊन गेले. भैयाजी बांगड्या-टिकल्यांचे ठोक व्यापारी. त्यांनी एक टिकली अंगठ्यावर लावली, ओढली, पुन्हा लावली.

"माल अच्छा दिसून राहिला," ते म्हणाले. "पण मी काही टिकली लावत नाही ना जी. आमच्या घरच्यांनी पास केली, तं या लगनसराईपासून टिकली तुमचीच."

घरच्यांचं नाव शोभाताई. इतवारीतल्या बायका साडीच्या काठापासून लोणच्याच्या मिठापर्यंत सगळं शोभाताईंना विचारून करत. त्यांना नुसती पुडी पाठवणं बरं दिसलं नसतं, म्हणून गोपिकाबाईंनी चैत्राचं हळदीकुंकू करायचं ठरवलं. तांडापेठेत ही रीत नव्हती, ती शहरातल्या महाल भागातल्या बायकांची. पण कारखानदाराच्या बायकोने काहीतरी सुरू केलंच पाहिजे, असं गोपिकाबाईंना आतापासून वाटू लागलं होतं.

समारंभ मागाच्या खोलीत झाला. वाळ्याचा कूलर घरघरत होता. गल्लीतल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, मधोमध शोभाताई. यमुताई स्वयंपाकघरात पन्हं ढवळत होत्या. हळदीकुंकवाला त्या बाहेर येणार नाहीत हे कोणी कोणाला सांगावं लागलं नाही. ओटीवर भैयाजी आणि मधुकरराव बसले होते, आणि कूलरचं पाणी पाहण्याच्या निमित्ताने मधुकरराव सारखे दारातून डोकावत होते.

गोपिकाबाईंनी एकेकीचं कपाळ ओल्या फडक्याने पुसलं, कोरड्याने टिपलं आणि लगेच टिकली लावून अंगठ्याने दाबली. हा चिक दाबाल तितका धरतो, असं नवऱ्याने बजावलं होतं, म्हणून त्यांनी असा दाब दिला की पंचफुलाबाईंचं डोकं मागे भिंतीवर आपटलं. शोभाताईंनी आरशात पाहिलं, मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"छान बसली," त्या म्हणाल्या.

ओटीवर भैयाजींनी मधुकररावांच्या मांडीवर थाप मारली. मधुकररावांना मागाच्या खोलीच्या दारावर पाटी दिसू लागली.

तेवढ्यात लाईट गेली. कूलर थांबला, आणि त्या बंद खोलीत चैत्राने आपलं काम सुरू केलं. वाळ्याच्या ओलीने खोली आधीच दमट झालेली. बायकांच्या कपाळांना घाम फुटला आणि टिकल्या तो पिऊ लागल्या. पाटीवरून मधुकररावांची नजर खाली आली, तेव्हा शोभाताईंची टिकली त्यांना जरा उंच वाटली. पुन्हा पाहिलं तेव्हा ती समोरच्या वाटीतल्या भिजल्या हरभऱ्याएवढी झाली होती.

गंमत अशी की आपलं कपाळ कोणाला दिसत नाही, दिसतं ते दुसरीचं. प्रत्येक बाई समोरचीकडे बघे, चमके, आणि बिचारीला काय सांगायचं म्हणून नजर वाटीत घाले. सगळ्या एकमेकींची मनातल्या मनात कीव करत निमूट हरभरे खात होत्या. टिकल्या सुपारीएवढ्या झाल्या, आवळ्याएवढ्या झाल्या. मखमल वर टोपीसारखी उचलली गेली आणि खालून लिबलिबीत गोळा लकाकू लागला. शेवटी पंचफुलाबाईंना हसू आवरेना.

"शोभाताई, राग नका मानू," त्या पदरात तोंड लपवत म्हणाल्या, "पण तुमचं कपाळ फुगून राहिलं."

"माझं?" शोभाताई शांतपणे म्हणाल्या. "आधी आपलं चाचपून पाहा बाई."

सगळ्यांचे हात एकदम कपाळाकडे गेले. एक ओरडली, दुसरीने पन्हं सांडलं. कोणी गोळा दाबून आत बसवायला गेली, त्याने चिकाची पकड आणखी घट्ट झाली. चिकाने मात्र मधुकररावांची लाज राखली, एकही टिकली सुटली नाही. सुटली असती तर फार बरं झालं असतं, कारण आता ती ओढून काढायला कोणी तयार नव्हतं.

"काढून टाका ना," मधुकरराव दारातून काकुळतीने म्हणाले. "खोबरेल लावलं की सुटते."

"हळदीकुंकवाच्या घरात कपाळ पुसून जाऊ?" शोभाताई उठल्या. "मले नाही जमत. तुमच्या बायकोच्या कुंकवाची मले काळजी आहे, तुमाले नसन."

बायका पदर भुवयांपर्यंत ओढून एकामागोमाग एक गल्लीतून निघाल्या. लाईट गेल्यामुळे सारी तांडापेठ वारा खायला ओट्यांवर येऊन बसलेलीच होती. प्रत्येक पदराखाली एक उंचवटा पुढे चालला होता.

भैयाजींनी बायकोकडे एकदा पाहिलं आणि चपला पायांत सरकवल्या.

"चिक एक नंबर हाय तुमचा," ते जाता जाता म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "पण मी टिकली मागतली होती मधुकरराव. आवळा नाही."

गोपिकाबाईंनी देवापुढे बसून खोबरेल लावून टिकली काढली, मेण लावलं, वर कुंकू टेकवलं.

सकाळी ते उरलेल्या टिकल्या फेकायला म्हणून बिस्किटाचा डबा घ्यायला यमुताईंच्या खोलीत गेले. ताई नळावर होती. डबा कोनाड्यात होता. तो काढताना दार मागे लोटलं गेलं आणि दारामागे खिळ्याला टांगलेला हातभर आरसा त्यांना दिसला. या खोलीत आरसा आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

आरशाच्या वरच्या कडेला टिकल्या चिकटवलेल्या होत्या. गोपिकाबाई रात्री टिकली काढून कपाटाच्या आरशाला लावत, तशाच. काही साध्या, बिनपुडीच्या, अगदी पहिल्या खेपेच्या. काही फुगून मग वाळलेल्या, बोरासारख्या सुरकुतलेल्या. मधुकरराव आरशासमोर उभे राहिले. त्यांना वाकावं लागलं, कारण आरसा यमुताईंच्या उंचीला लावलेला होता.

यमुताई घागर घेऊन आत आल्या आणि दारातच थांबल्या.

"ताई, ह्या..."

"गोल पाडले की एखादी उरे," त्या घाईने म्हणाल्या. "दार लोटून लावत होती मी. पाच मिनिटं. चारचौघांत कधी नाही आली लावून, देवाची आण."

"आन् ह्या फुगलेल्या?"

"एकडाव भाकरी टाकायची घाई होती, ध्यानात नाही राहिलं. चुलीपाशी फुगली. मले वाटलं एखादीच खराब असन, म्हणून दुसरी लावून पाहिली. थेही फुगली."

"मंग सांगतलं काहून नाही ताई? मी विचारलं होतं ना तुले."

यमुताईंनी घागर खाली ठेवली. पदराने हात पुसले.

"काय सांगू गा मधू? कोणाच्या कपाळावर फुगली म्हणून सांगू?"

मधुकररावांना कारखाना गेल्याचं दुःख रात्रभर होतं, ते त्या क्षणी कुठल्या कुठे गेलं. रिकाम्या कपाळासाठी त्यांनी सारी तांडापेठ पालथी घातली होती. बहिणीचा हात रोज हातात घेऊन पाहिला होता, आणि त्या हाताच्या वर मान करून एकदाही पाहिलं नव्हतं. ‘लाव ताई, कपाळावर लाव, कोण काय म्हणते मी पाहतो,’ एवढं म्हणायला हवं होतं. ते त्यांच्या ओठांपर्यंत आलंही. पण नळावर पंचफुलाबाईंचा आवाज ऐकू येत होता, आतून गोपिकाबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. त्यांची जीभ टाळूला बसली ती सुटली नाही.

"डबा राहू दे इथंच," एवढंच ते म्हणाले.

यमुताईंनी आरशावरची एक साधी टिकली नखाने अलगद सोडवली, बाही वर सारली आणि हातावर लावून अंगठ्याने दाबली.

"हातावर चांगली बसते तुही टिकली," त्या म्हणाल्या, आणि चूल पेटवायला गेल्या.