देवरावकाकांची रंधा मशीन

देवरावकाकांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नव्हता. उजव्या हातावर मात्र घनदाट जंगल. पात्याला धार आली की नाही, हे काका स्वतःच्या हातावर फिरवून बघत. केस सपकन उतरले तर धार पास. पण डावा हात संपल्यावर माणसाने करावं काय? उजव्या हाताने उजवा हात भादरता येत नाही. मग काका येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात धरू लागले.

"हात दे बरं गा जरा," म्हणायचे. पोस्टमन गेला, दूधवाला गेला, आमचे हे तर दोनदा गेले. नागपूरचा मे महिना, रस्त्यावर डांबर वितळतंय, आणि धरमपेठेतल्या आमच्या गल्लीतले झाडून सगळे पुरुष पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून, मनगटाची बटणं लावून फिरताहेत. असलं दृश्य मी त्या एकाच उन्हाळ्यात पाहिलं.

हे सगळं एका रंधा मशीनपायी. लाकूड तासून गुळगुळीत करणारं हे बिडाचं धूड काकांच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये होतं. काकांनी सुतारकी सोडली तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षं, बंद. पात्याच्या अलीकडे-पलीकडे फळी सरकवायला तिला दोन लोखंडी पाट; पुढच्या पाटावर काकू मुंगवड्या वाळवायच्या, मागच्या पाटावर गव्हाचं पोतं. त्या वर्षी काकू लेकीकडे काटोलला गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी काकांनी पोतं खाली उतरवलं. मी भिंतीपलीकडची शेजारीण, शाळेत शिकवणारी. सुट्टीत दुपारी दोन घटका डोळा लागावा, एवढीच माझी अपेक्षा. मी तणतणत गेले आणि विचारलं, "आता काहून हे, काका?"

"आमच्या हिचे कान गेले ना बाई," काका म्हणाले. "रामदासपेठेतले डॉक्टर म्हणते, लय मोठा आवाज असन तरच काही ऐकू आलं तं येईन. माह्यं ओरडणं ऐकू येत नाही, ट्रान्झिस्टर ऐकू येत नाही. पण या मशीनचा आवाज चौकापर्यंत जाते. हे तं तिले ऐकू येईनच. ती परत यायच्या आत चालू करतो. काई नाई, दोन मिनिटाचं काम हाय."

माझी झोप गेली चुलीत.

ती दोन मिनिटं सहा आठवडे चालली. पहिल्या दिवशी मशीन नुसतीच गुरगुरली, फिरेना. पट्टा उंदरांनी खाल्लेला. नवा पट्टा चढवला तर फिरली, पण उलटी, आणि बारा वर्षांचा भुसा तिने काकांच्या तोंडावर उधळला. "दोन मिनिटाचं काम हाय," काका खोकत म्हणाले. तारा बदलून तिला सुलटी केली, तर फळी छान गुळगुळीत निघे आणि शेवटच्या चार बोटांवर दरवेळी खड्डा. काकांनी सगळा दोष पात्यावर ठेवला. रोज पातं काढायचं, दगडावर घासायचं आणि गल्लीत हात शोधत हिंडायचं.

"अहो, आवाज होतोय ना? मग खड्डा का बघता?" मी म्हटलं.

"अशी शेवटाले ठेचकाळणारी मशीन तिले ऐकवू काय?" काका चिडले. "तिले समजते ना चांगला रंधा कसा वाजते."

शेवटी मीच वैतागून ह्यांना आणि माझी शाळेची स्टीलची पट्टी घेऊन गेले. "मागचा पाट खाली बसला असेल, बघा तरी."

"तो पाट मी सवता बसवला. तो हलन काहून?"

पट्टी ठेवली. पुढे ती पात्याला टेकली आणि मागच्या पाटाशी चांगली फट दिसली. गव्हाच्या पोत्याने बारा वर्षांत पाट दाबून खाली नेला होता, म्हणून फळीचं शेवटचं टोक दरवेळी पात्यावर आपटत होतं. काका पट्टीकडे बघत राहिले, मग आमच्या ह्यांच्या भादरलेल्या हाताकडे बघून म्हणाले, "माफ कर गा."

पाट वर घेतला आणि काम झालं. खरोखर दोन मिनिटांत.

दोन दिवसांनी काकू आल्या. दुपारी मागच्या अंगणात शेडकडे पाठ करून तांदूळ निवडत बसल्या. काकांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि खटका दाबला. बापरे, काय तो आवाज! शेडचे पत्रे थरथरले, मी कानांत बोटं घातली. काकांनी सागाची फळी घातली, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एका सुरात निघाली. काकू तांदूळ निवडत होत्या. काकांनी दुसरी फळी घातली. काकूंनी एक खडा काढून बाजूला टाकला.

काकांनी मशीन बंद केली. पातं फिरायचं थांबलं आणि अंगण एकदम शांत झालं. काका तसेच काकूंच्या समोर जाऊन उभे राहिले. काकूंनी मान वर केली. काकांच्या डोक्यातला लाकडाचा कीस पाहिला, चेहरा पाहिला, वळून शेडच्या दारात उभ्या आम्हा दोघांना पाहिलं. मग दोन्ही कानांवर हात दाबले.

"बापा, केवढा आवाज," त्या म्हणाल्या. "बंद करा जी आता. डोकं भणभणून राहिलं माह्यं."

सहा आठवडे ज्या माणसाच्या नावाने मी खडे फोडले, त्याच्याकडे मला बघवेना. काका शेडमध्ये आले, बंद असलेल्या खटक्यावर हात ठेवला, आणि परत जाऊन काकूंना हाताने खूण केली, की केली वं, बंद केली.