पाकातलं अंडं

व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवून कवच विरघळवलेल्या अंड्याचा घेर, दोरा गुंडाळून मोजला, तर साडेचौदा सेंटिमीटर भरला. दोन्ही अंड्यांचा तेवढाच. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी एक अंडं पाण्याच्या बरणीत सोडलं, दुसरं साखरेच्या दाट पाकात. पाण्यातलं फुगायला हवं, पाकातलं आक्रसायला हवं. सोमवारी वर्गाला दाखवायचं होतं.

घरात आणखी एक गोष्ट अशीच बरणीत पडून होती. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले बाईंचे सासरे पाय मोडल्यावर आठ महिन्यांपूर्वी इथे आले. पाय केव्हाच जुळला. आता स्वतःच्या घरी परतायचं की ते घर भाड्याने द्यायचं, एवढंच ठरत नव्हतं. भाडेकरू उत्तरासाठी खोळंबला होता. बाईंचा नवरा रोज जेवताना विचारी, सासरे “बघू” म्हणत आणि ताट उचलायला लागत. ते ताट बाई हातातून काढून घेत. “बाबा, तुम्ही बसा.”

पहिल्या दिवशी सगळं नियमाप्रमाणे झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पाकातलं अंडं टम्म फुगलेलं आणि पाण्यातलं सुरकुतलेलं. बाईंनी दोरा बदलला. पाक नव्याने केला. नवऱ्याने वाण्याच्या साखरेवर खापर फोडलं. तिसऱ्या सकाळी पुन्हा तोच उलटा प्रकार. आपल्या ओट्यापुरते निसर्गाचे नियम बदलले की काय, असं बाईंना वाटू लागलं, आणि खरं सांगायचं तर थोड्या गुदगुल्याही झाल्या.

चौथ्या दिवशी त्यांनी पाण्यातल्या अंड्यावर शाईचा ठिपका दिला. सकाळी ठिपका पाकात होता.

नवऱ्यावर संशय घेण्यात अर्थ नव्हता, त्याच्या हातून कपाचा कानसुद्धा वाचत नसे. बिनकवचाचं अंडं न फोडता उचलणारी बोटं घरात एकाच माणसाची होती.

“बाबा, अंडी तुम्ही बदलता?”

“रोज पहाटे,” सासरे म्हणाले. “ते सुकत चाललेलं. बघवेना. दुसरं फुटेल म्हणून त्याला जरा उतरवलं.”

बाईंनी मग नीट समजावलं. अंड्याभोवतीच्या पातळ पडद्यातून पाणी जातं, साखर जात नाही. बाहेर साखर दाट असली की आतलं पाणी तिकडे ओढलं जातं.

सासऱ्यांनी पाकाची बरणी उजेडाकडे वळवली. “म्हणजे त्याला कुणी त्रास दिलेला नाही.”

“छे, कुणीच नाही.”

“भोवती नुसतं गोड. आणि पाण्यात टाकलं की परत भरतं?”

“एका दिवसात.”

ते उठले, चहाचा कप स्वतःच विसळायला घेतला. बाईंचा हात सवयीने पुढे आला आणि अर्ध्यावरच थांबला.

तेवढ्यात नवरा आत आला. भाडेकरूचा फोन होता, आज शेवटचं विचारतोय, काय सांगू?

“नाही म्हणून सांग,” कप उपडा ठेवत सासरे म्हणाले. “मी घरी जातोय.”