आधी कुत्रं बांधा

तुमच्या घरात कुणी चक्कर येऊन पडलं, तुम्ही घाबरून आमच्या ॲम्ब्युलन्सच्या नंबरवर फोन लावलात आणि तो मंदाताईंनी उचलला, तर त्या तुम्हाला नाव विचारणार नाहीत, गाव विचारणार नाहीत आणि पेशंट श्वास घेतोय का हेही विचारणार नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "कुत्रं बांधलंय का?"

याला कारण आहे. आमचा ड्रायव्हर बबन एकदा स्ट्रेचर घेऊन एका अंगणात शिरला आणि पेशंटच्या आधी त्यालाच इंजेक्शन घ्यावं लागलं. तेव्हापासून भोर आणि वेल्हे तालुक्यातलं एकही कुत्रं मंदाताईंनी मोकळं ठेवलेलं नाही. एक जण म्हणाला, "आमच्याकडं कुत्रंच न्हाई." ताई म्हणाल्या, "मग शेजाऱ्याचं बांधा."

आमचं ऑफिस म्हणजे कापूरहोळच्या फाट्यावर पंक्चरच्या दुकानावरची एक खोली. दोन टेबलं, दोन फोन. एका फोनवर मी, दुसऱ्यावर मंदाताई. एक गाडी खाली उभी असते, दुसरी वेल्ह्यात. फोन घ्यायचा, पत्ता काढायचा, गाडी सोडायची आणि गाडी पोचेपर्यंत समोरच्या माणसाला धीर द्यायचा, एवढंच आमचं काम. हे 'धीर देणं' मंदाताईंना मान्य नाही. त्या माणसाला कामाला लावतात.

"किती जण हाय तिथं? सात? एकानं म्हशी मागं न्या. एकानं रस्त्यावर जाऊन उभं ऱ्हावा. दोघांनी अंगणातली मोटारसायकल हलवा. बायकांनी पाणी तापत ठेवा. जावई आल्यात? त्यांना खुर्ची द्या आन बसवा, न्हाईतर सल्ले देतील."

पाण्याचं कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. बबन बिचारा पाय मोडलेल्या माणसाला आणायला जायचा, तर तिथं हंडाभर पाणी उकळत असायचं आणि सगळं घर त्याच्याकडे आशेनं बघत असायचं. पुढं काय करायचं ते त्याला कुठं माहीत? एकदा तो त्या पाण्यानं हातपाय धुऊन आला. शेवटी मी ताईंना विचारलंच.

"आरं विलास," त्या म्हणाल्या, "पाण्याला एक बाई लागली, सरपणाला दुसरी, चुलीला सासू. तीन तोंडं बंद झाली का न्हाई? माणूस मोकळा ऱ्हायला की रडतो. रडाया लागला की पत्ता सांगत न्हाई."



वरून एक साहेब आम्हाला शिकवायला आले होते. फोनवर सौम्य, शांत आवाजात कसं बोलावं, त्याचं छापील कार्ड देऊन गेले. मंदाताईंनी एक दिवस प्रामाणिकपणे सौम्य आवाज काढला. पहिल्याच माणसाला वाटलं, लोनवाल्या कंपनीचा फोन लागलाय. त्यानं "नको नको" म्हणून कट केला. तेव्हापासून ते कार्ड ताईंच्या चहाच्या ग्लासाखाली असतं.

फालतू फोन आला की त्यांचा पारा चढतो. "मॅडम, गाडी स्वारगेटला जाणार असली तर दोन सीट मिळतील का?" असं विचारणाऱ्याला त्या म्हणाल्या, "आधी कुठंतरी पड, मग इचार." आणि गाडी पेशंटपाशी पोचली की त्या एकच वाक्य बोलतात, "आली का? ठेवा." पुढं पेशंटचं काय झालं हे विचारत नाहीत. मी बबनला खोदून खोदून विचारायचो, तेव्हा त्या खेकसायच्या, "आपलं काम दारापतुर. आत काय झालं ते डॉक्टर बघंल." बाई दगडाच्या काळजाची आहे असं माझं ठाम मत होतं आणि ते मी बबनला चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

भातकापणीचे दिवस होते. भर दुपारी पासलीहून फोन आला. आवाज म्हाताऱ्याचा, सखारामबाबा नावाचा. खळ्यावर पेंढ्या उचलताना त्याची बायको हौसाबाई हिला पायाला फुरसं जातीचा विषारी साप चावला होता. मुलगा-सून पुण्याला, वाडीतले सगळे लांबच्या खाचरांत. खळ्यावर ही दोघंच.

"कुत्रं बांधलंय का?"

"कुत्रं बी कापणीला गेलंय," म्हातारा म्हणाला.

वेल्ह्याची गाडी तासाभरापूर्वी दुसरा पेशंट घेऊन पुण्याकडे गेली होती. म्हणजे बबनला कापूरहोळहून थेट पासलीपर्यंत जायचं होतं. मी त्याला पळवला. इकडे मंदाताईंनी स्पीकर चालू केला आणि म्हाताऱ्याला खडसावलं, "दोरी आवळू नका. चिरा मारू नका. बाईला आडवी करा, पाय हलवू देऊ नका."

"देवळात नेतो की पाठीवर घेऊन. लगीच उतार पडंल."

"देव कुठं पळून जात न्हाई. बाईला हलवलीत तर मात्र ती जाईल. आन खळं सोडलं की तुमच्या फोनला रेंज न्हाई, म्हंजे मला बी कळायचं न्हाई. बसा खाली!"

म्हातारा बसला. मग त्यांनी त्याला बायकोच्या पायातली जोडवी काढायला सांगितली. पाय सुजला तर ती बोटात रुतली असती. पण हौसाबाई हटूनच बसली. मागून तिचा आवाज येत होता, "दादला जिता हाय आन जोडवी काढू? मेले तरी चालंल!"

ताईंचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "तिला सांगा, दादला समोर बसलाय तवर जोडव्यांना काय होत न्हाई. तुमच्या बंडीच्या खिशात ठेवा. मालकाच्याच खिशात हायेत म्हणावं."

बराच वेळ नुसती झटापट ऐकू आली. मग म्हातारा धापा टाकत म्हणाला, "निघाली." आणि लगेच, "आता काय करू?"

मंदाताई गप्प झाल्या. इतक्या वर्षांत त्यांना मी गप्प झालेलं पाहिलं नव्हतं. म्हशी नाहीत, माणसं नाहीत, चूल नाही. म्हाताऱ्याला द्यायला काम उरलं नव्हतं.

"तिच्याशी बोला," त्या म्हणाल्या. "तिला एकटं वाटू देऊ नका."

"काय बोलू? आमचं बोलून कवाच संपलंय."

"मग भांडा!"

म्हातारा आज्ञाधारक निघाला. तू ती पेंढी उचललीसच का, इथपासून त्यानं सुरुवात केली. ती म्हणाली, तुमी सांगितलंत म्हणून. तो म्हणाला, म्या कधी कुणाला सांगितलं? मग तिचं माहेर निघालं, त्याची बिडी निघाली, विकलेली म्हैस निघाली. मधेच तिचं बोलणं जड व्हायला लागलं, तसा म्हातारा हंबरडा फोडून म्हणाला, "बाई, गाडी कुठवर आली? म्या हिला उचलतो आन निघतो!"

"वळणावर आली," मंदाताई म्हणाल्या.

त्याच वेळी माझ्या फोनवर बबन ओरडत होता, "आत्ता कुठं मार्गासनी गाव मागं गेलं, पासली अजून लांब हाय!" मी ताईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यानंतर त्यांनी ती गाडी कितीदा त्या वळणावर आणली, देव जाणे. दर वेळी तोच ठाम आवाज, आणि दर वेळी म्हातारा पुन्हा खाली बसायचा. शेवटी सायरन ऐकू आला, बबनचा आवाज आला. ताई म्हणाल्या, "आली का? ठेवा." फोन ठेवला आणि दुसरा घेतला.

हौसाबाईला आमच्या फाट्याजवळच्याच एका दवाखान्यात आणलं. दोन दिवस काही खरं नव्हतं, तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडून चहा मागितला. हे मला बबननं सांगितलं. ताईंनी विचारलं नाही, मीही त्यांना सांगितलं नाही.

म्हातारीची घोंगडी गाडीतच राहिली होती. ती द्यायला मी आणखी दोन-चार दिवसांनी दुपारी दवाखान्यात गेलो, तर हौसाबाईच्या खाटेवर मंदाताई बसलेल्या. मांडीवर डबा, हातात मऊ भाताचा घास. मला बघून त्यांनी असे डोळे वटारले की माझं तोंड उघडायच्या आतच मिटलं.

सखारामबाबानं घोंगडी घेतली आणि मला बाजूला नेऊन हळूच सांगितलं, "ही बाई मुकी हाय बिचारी. कुणाची कोण, ठावं न्हाई. पर रोज डबा घेऊन येती, म्हातारीला भरवती, येणी घालती. मुलगा कंपनीतनं एकदाच येऊन गेला. हिचाच आधार बघा."

मला ठसका लागला.

"आन ती फोनवरची बाई, ती लई खोटारडी," म्हातारा पुढं म्हणाला. "गाडी वळणावर आली, गाडी वळणावर आली. वळणावर काय बी नव्हतं! मला कळत हुतं. पर तिच्या आवाजानं वाटायचं, कुणीतरी हाय संगं. ती गावली ना, तर म्या म्हातारा असून तिच्या पाया पडंन."

मंदाताई मान खाली घालून घास कालवत होत्या.

बाहेर नळावर त्या डबा घासायला आल्या, तेव्हा मी त्यांना गाठलंच. "ताई, हे काय नाटक? बोलत का नाही?"

"बोलले की वळखतील."

"मग ओळखू द्या की! पाया पडायला टपलाय तो."

त्या डबा घासत राहिल्या. शिवऱ्याला त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे आणि त्यात त्या एकट्याच असतात, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं म्हणजे काय, ते तोवर कळलं नव्हतं.

"वळखलं तर पाया पडतील, साडीचोळी करतील आन मला वाटेला लावतील," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उपकार केलेल्या माणसाला कुणी घरात ठेवत न्हाई, विलास. आत्ता म्हातारी मला ए पोरी म्हणती. डाळीत मीठ कमी पडलं म्हणून सकाळी माझ्यावर वराडली. माझ्यावर असं किती वर्सांत कुणी वराडलं न्हाई रे."

एवढ्यात आतून हौसाबाईची हाक आली, "ए पोरी, कुठं मेलीस?"

"आले," असं म्हणायला मंदाताईंनी तोंड उघडलं, मग पटकन मिटलं, ओला डबा तसाच माझ्या हातात दिला आणि पदराला हात पुसत आत पळाल्या.