झुकत्या मनोऱ्याखाली वरवंटा

बाबागाडी सोबत न्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो घनश्यामजी रहांगडाले यांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत निकालात काढला. (नोकरीत असताना त्यांनी इतक्या झटपट निकालात काढलेला दुसरा प्रश्न कोणाच्याही स्मरणात नाही.)

"बाबूजी, पिसाले गाडी नको," मुलगा ओमेश्वर म्हणाला. "तिथले रस्ते दगडी आहेत. टीनाले मी छातीशी बांधून घेतो."

"घरात गाडी आहे, तर वापरली पाहिजे. ढकलायची जबाबदारी माझी."

घनश्यामजी कामठ्याचे. एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सात महिन्यांच्या नातीला पाहायला पत्नी तुलसाबाईंना घेऊन ते फ्लॉरेन्सला मुलाकडे आले होते. पण इटलीतलं त्यांचं खरं काम वेगळं होतं. त्यांना पिसाच्या झुकत्या मनोऱ्यावर चढायचं होतं, आणि त्याला कारण होता बकाराम.

देवरीकडच्या एका गावात पूर्वी पाण्याची एक टाकी झुकली होती. तिच्या फायलीवर घनश्यामजींनी अकरा वर्षं पत्रव्यवहार केला. 'टाकीवर चढून समक्ष पाहणी केली' असं तेवीस वेळा लिहिलं, आणि तेवीसही वेळा ते खाली जीपच्या सावलीत उभे होते. जीप चालवायचा बकाराम. त्याने ही हकिगत घनश्यामजींच्या निरोपसमारंभात माइकवरून सांगितली. इटलीला निघायच्या आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर तो पुन्हा म्हणालाच, "साहेब, तिथंबी खालूनच पाहून येसान!"

"वरून फोटो पाठवतो," घनश्यामजी सगळ्यांसमोर म्हणाले. "मग बोल."

त्यामुळे दुपारी तीनची दोन तिकिटं निघाली होती. एक त्यांचं, एक ओमेश्वरचं. सुनेला सुट्टी नव्हती, आणि तुलसाबाई खाली टीनाला सांभाळणार होत्या.

पिसाच्या स्टेशनातून बाहेर पडून शंभर पावलं झाली नाहीत, तोच दगडी रस्त्यावर गाडी अशी थरथरू लागली, की टीनाचं रडणंसुद्धा तुकड्यातुकड्यांनी बाहेर येऊ लागलं. तुलसाबाईंनी तिला उचलून कडेवर घेतलं. घनश्यामजींनी गाडी पुढे दामटली.

"थांबा जी! रिकामी गाडी काऊन ढकलून राहिले?"

"मग काय भरून ढकलू?"

"रिकामा पाळणा हालवत नाही, इतकंबी समजत नाही का तुमाले? लेकराले बरं नसते ते."

"हा पाळणा नाही, गाडी आहे. चाकं दिसून राहिली ना तुले?"

"लेकरू निजते ना तिच्यात? मग पाळणाच."

ओमेश्वर इंजिनिअर. त्याने समोरच्या घराच्या खिडक्या मोजायला घेतल्या.

तुलसाबाईंनी खांद्यावरच्या पिशवीतून वरवंटा काढला. हा वरवंटा कामठ्याहून विमानाने आला होता. बारशाला पाळण्यात बाळाआधी वरवंटा निजवायचा असतो, आणि ते काम मिक्सरच्या भांड्याला कसं जमणार? आजी-आजोबा येईपर्यंत राखून ठेवलेलं बारसं रविवारी झालं होतं. पोरगी गाडीत टिकणार नाही हे तुलसाबाईंनी सकाळीच ओळखलं, म्हणून वरवंटाही सहलीला निघाला. त्याच्या तोंडावर बारशाचं काजळ तसंच होतं. तुलसाबाईंनी त्याला टोपडं घातलं, गाडीत निजवलं, पट्टा लावला आणि वरून शाल पांघरली.

"आता ढकला."

अशा रीतीने घनश्यामजी एका ऐतिहासिक शहरातून वरवंटा फिरवू लागले. वाटेत एका म्हाताऱ्या बाईने कौतुकाने गाडीत वाकून शाल बाजूला केली. मग छातीवर क्रूस काढला, घनश्यामजींच्या खांद्यावर बराच वेळ हात ठेवला आणि त्यांच्या मुठीत एक चॉकलेट देऊन ती डोळे पुसत निघून गेली. (चॉकलेट चांगलं होतं.)

मनोरा दिसला तेव्हा मात्र घनश्यामजींनी गाडी थांबवली. इतका तिरपा, इतकी शतकं उभा, आणि वर जायला तिकीट! देवरीकडच्या लोकांनी टाकी पाडायची घाई न करता थोडा धीर धरला असता, तर आज त्या टाकीखाली परदेशी पाहुण्यांची रांग असती.

तीनला वीस मिनिटं उरली असताना टीनाने लंगोट ओला केला. "आम्ही बदलून आणतो," ओमेश्वर म्हणाला. "तुम्ही इथंच थांबा." तुलसाबाई आणि तो टीनाला घेऊन गेले. तेवढ्यात तीनची रांग सरकू लागली. सरकणाऱ्या रांगेबाहेर उभं राहणं घनश्यामजींच्या स्वभावात नव्हतं. ते गाडीसकट तिच्यात शिरले.

दारावरच्या पहारेकरी मुलीने हात आडवा केला. "आठ वर्षांखालच्या मुलांना वर बंदी आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "याचं वय काय?"

घनश्यामजी प्रश्नाला नेमकं उत्तर देणारे. वरवंटा तुलसाबाईंच्या माहेरून लग्नात आला होता.

"अडतीस," ते म्हणाले.

मुलीने शाल उचलली आणि शिट्टी वाजवली. आणखी दोघे पहारेकरी धावत आले. एकाला वाटलं, गृहस्थाने कुठल्या तरी जुन्या देवळाचा तुकडा पळवला आहे. दुसरा म्हणाला, "वरून टाकणार होता का? चारशे वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने इथून वजनं टाकून पाहिली म्हणतात. पुन्हा टाकायची गरज नाही."

"ओन्ली चटणी! चटणी!" घनश्यामजी ओरडत होते.

मंडळी परत आली. ओमेश्वरने इटालियनमध्ये बारशापासून सगळं समजावलं. पहारेकरी पोट धरून हसले. पण दगड जुना दिसतो, जाणकार बाई येऊन बघतील, तोवर एवढा कागद भरा, असं म्हणून त्यांनी वरवंटा टेबलावर ठेवून घेतला आणि एक छापील फॉर्म पुढे केला. दोन प्रतींचा.

निवृत्त झाल्यापासून चार वर्षांत घनश्यामजींच्या हाताला फॉर्म लागला नव्हता. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"बाबूजी, मालक म्हणून मायचं नाव टाका," ओमेश्वर हळूच म्हणाला. "तुमाले वर जायचं आहे."

"मालकाचा रकाना आहे. घरातला कर्ता कोण आहे?"

त्यांनी सुवाच्य अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, दोन्ही प्रतींवर सही ठोकली, खाली दोन रेघा ओढल्या आणि तारीख घातली. पहारेकरी मुलीने कागद वाचला.

"छान," ती म्हणाली. "आता तपासणी होईपर्यंत मालकाने इथून हलायचं नाही."

तीनला चार मिनिटं होती.

"तिकीट वाया जाईन जी," तुलसाबाई म्हणाल्या. "मीच जाऊन येते."

"तू? अन् तुझे गुडघे?"

"तुमची टाकी नाही चढून राहिली मी, घाबरून खाली थांबाले."

त्यांनी टीनाला रिकाम्या गाडीत ठेवलं. सकाळपासून गाडीचं नाव काढलं की किंचाळणारी टीना तत्काळ झोपी गेली. तुलसाबाईंनी पदर खोचला आणि मुलाला घेऊन त्या मनोऱ्यात शिरल्या.

जाणकार बाई आल्या. त्यांनी वरवंटा फिरवून पाहिला, मग नाकाशी नेला.

"लसूण," त्या म्हणाल्या, आणि त्याला सोडून दिलं. तोवर तीनची रांग केव्हाच वर गेली होती आणि दारावर साडेतीनचे लोक उभे होते.

वर पोचल्यावर तुलसाबाईंनी फोटो काढला. हिरवंगार मैदान, त्यावर मनोऱ्याची तिरपी सावली, आणि त्या सावलीत मुंगीएवढे घनश्यामजी. एका हातात बाबागाडी, काखेत वरवंटा. नवऱ्याने कबूल केलं होतं म्हणून तुलसाबाईंनी तो वरूनच बकारामला पाठवला.

त्या खाली उतरायच्या आत कामठ्याहून उत्तर आलं.

"साहेब सावलीवरूनच ओळखू आले. जीप कुठं आहे?"