थरथरणाऱ्या पिल्लाची शिंगं

कुत्र्याच्या पिल्लांविषयी मला सगळं कळतं! निदान त्या दिवशी सकाळी दहापर्यंत तरी कळत होतं. उदगीरच्या वाचनालयात चाळीस वर्षं ग्रंथपाल होतो; तीन पुस्तकं वाचूनच पिल्लू आणलं. माणसांशी बोलताना मी अडखळतो, पिल्लाशी नाही. सूनबाई मंजुश्रीनं मात्र बजावलं होतं, "मामा, एकदा जरी आजारी पडलं, तर मुखेडला माझ्या भावाच्या शेतावर जाईल!"

एप्रिलचं ऊन. पिल्लाला आंघोळ घातली आणि वाळायला कूलरसमोर ठेवलं. पाच मिनिटांत ते व्हायब्रेटवर टाकलेल्या मोबाइलसारखं थरथरायला लागलं!

पुस्तक उघडलं. थंडी, भीती, भूक, विषबाधा... मी थेट विषबाधेवर जाऊन थांबलो. स्वभावच तसा!

शेजारचे लिंबाजी धावत आले. त्यांचा जन्म देवणी बैलांच्या व्यापारात गेलेला.

"सरका गुरुजी, जनावराचं आमाला कळतंय." त्यांनी पिल्लाचं डोकं दोन्ही बाजूंनी चाचपलं. "शिंगाची मुळं लई गार लागून राहिलीत!"

"लिंबाजी, याला शिंगं..."

"अजून फुटली न्हाईत, हाव. पर जागा तर हाय ना?"

मी गुपचूप पुस्तकाच्या सूचीत 'शिंगं' शोधली. न जाणो, आपल्याच वाचनातून सुटलं असेल!

तोवर समोरच्या शिवम्मा मीठ-मिरच्या घेऊन हजर. "अय्य शिवा, दृष्ट लागली लेकराला!"

मिरच्यांच्या धुरानं सगळे खोकायला लागलो. धूर जावा म्हणून लिंबाजींनी कूलर फुल केला. पिल्लू पिठाच्या चाळणीसारखं हलू लागलं.

आणि लाइट गेली. जरा वेळानं पिल्लू शांत झालं. जांभईसुद्धा दिली!

"बघा, माझी मिरची!" शिवम्मा म्हणाल्या.

"मिरची कशाची? म्या शिंगं चोळली म्हणून!"

लाइट आली. कूलर घरघरला. पिल्लू पुन्हा थरथर!

"दुसऱ्या कुणाची तरी लागली!" शिवम्मांनी नव्या मिरच्या काढल्या.

एवढ्यात दारात मंजुश्री! मी घाईनं पिल्लावर पुस्तक पालथं घातलं.

"मामा, पुस्तक का हलतंय?"

तिनं पुस्तक उचललं, कूलर बंद केला, टॉवेलनं पिल्लू खसाखसा पुसलं, मांडीवर घेतलं. थरथर संपली.

"ओल्या पिल्लाला कूलरसमोर कुणी ठेवलं?"

लिंबाजींनी शिवम्मांकडं पाहिलं, शिवम्मांनी माझ्याकडं, मी पुस्तकाकडं.

"मुखेडला नको गं पाठवू त्याला," मी कसंबसं म्हणालो.

"त्याचा काय दोष? ते इथंच राहील." मग तिनं पिल्लाची हनुवटी वर केली आणि समजावलं, "मामांवर जरा लक्ष ठेवत जा रे."

ठेवतंय. मी पुस्तक उघडलं, की भुंकतं!